आवाज पिणारी बरणी

आयुष्यात मूर्खपणा मी पुष्कळ केला, पण आंब्याची पाच पानं लावून, वर नारळ ठेवून आणि हळदीकुंकवाची बोटं ओढून अगदी विधिवत केलेला मूर्खपणा एकच. तो परतूर स्टेशनच्या मालधक्क्यावर, संक्रांतीनंतरच्या एका दुपारी, झाडून साऱ्या बायकांसमोर केला. मी तेव्हा सतरा वर्षांची होते, मॅट्रिकला बसणार होते आणि मला जगातलं सगळं कळत होतं. आता ऐंशी ओलांडली. आता तितकं कळत नाही.

केलं काय, तर एका बरणीच्या जागी कलश मांडला. बस, एवढंच. चोरी नाही, चहाडी नाही. तडा गेलेली चिनी मातीची बरणी उचलून बाजूला ठेवली आणि तिथं आमचा चिंचेनं घासलेला पितळी तांब्या ठेवला. त्यानं एका माणसाची दोन वर्षांची मेहनत दहा आकडे मोजायच्या आत गेली. पाण्यात गेली असं म्हणायची पद्धत आहे. इथं पाण्यात जायची ती राहिली, तोच तर घोटाळा झाला. पण ते कळायला आधी तारबाबू कळावे लागतील.

हे सगळं वर आलं ते नातीमुळे. ती विजेची गिटार वाजवते. परवा चिडून म्हणाली, "आजी, आवाज कमी केला की टोन मरतो गं. आणि मोठा केला की खालच्या मजल्यावरचे काका वर येतात." मी म्हटलं, "लोणच्याची बरणी आणू का?" ती माझ्याकडे अशी बघत राहिली की आता हिला डॉक्टरकडे न्यावं की काय. मग बसवून सांगितलं. तिला बाकी सगळं सांगितलं, शेवटचं मात्र सांगितलं नाही. ते इथं सांगते.

तारबाबू म्हणजे परतूर स्टेशनात तारा पाठवणारे बाबू. नाव दिगंबरराव, पण त्या नावानं त्यांना फक्त पगारपत्रक ओळखायचं. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, तिथंच मालबाबू होते. रुईच्या गाठी आणि धान्याची पोती वॅगनमध्ये चढली की पावत्या करायच्या, हे त्यांचं काम. रेल्वेच्या क्वार्टरांमध्ये आमच्या आणि तारबाबूंच्या घरात भिंत एकच होती, तीही अशी की पलीकडे फोडणी पडली की अलीकडे शिंक यायची.

निजामाचं राज्य जाऊन सात-आठ वर्षं झाली होती तेव्हा ते नवराबायको सिकंदराबादहून बदलून आले. सामान थोडं. दोन ट्रंका, एक लाकडी पेटी आणि एक लांबट खोकं. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी तारबाबूंनी ओट्यावर चटई टाकली, खोक्यातून कमरेला खळगा असलेली वीणेसारखी वस्तू काढून मांडीवर आडवी घेतली, आणि डाव्या हातात गुळगुळीत लोखंडाची कांडी धरून ती तारांवरून हळूहळू पुढंमागं फिरवायला लागले. हमालाची बायको सोजरबाई घागर घेऊन चालली होती. ती थबकली. आमच्या आईला म्हणाली, "वैनी, ह्ये बाबू वीणेला इस्त्री करून राह्यले बघा."

मी हे दुसऱ्या दिवशी शाळेत सगळ्यांना सांगितलं, आणि माझंच वाक्य म्हणून सांगितलं.

ती हवाई गिटार होती. सिकंदराबादला एका अँग्लो-इंडियन गार्डाकडून ते वाजवायला शिकले होते, आणि गार्ड देश सोडून गेला तेव्हा ती त्यांच्याकडे ठेवून गेला. टेलिफोनच्या कानाला लावायच्या भागातलं लोहचुंबक काढून त्यांनी ते तारांखाली बसवलं होतं. तिथून एक वायर लाकडी पेटीत जायची. पेटीत काचेचे तीन-चार दिवे होते, त्यांना ते वॉल्व्ह म्हणायचे, आणि ते मोटारीच्या बॅटरीवर लागायचे, कारण क्वार्टरांत वीज नव्हती. पेटीला आम्ही सगळे मशीन म्हणत असू. मशीनमधून दुसरी वायर रेडिओतल्या कागदी पडद्याच्या स्पीकरमध्ये. असा तो सगळा संसार.

आयुष्यभर तारा पाठवल्यामुळं असेल, तारबाबू बोलताना शब्द फार काढून टाकायचे. जेवण झालं का म्हटलं की "झालं." गाडी किती लेट म्हटलं की "तास." आईनं एकदा न राहवून विचारलं, "भाऊजी, बोलण्यावर काय रेशन हाय का?"

"हाय," ते म्हणाले.

सगळ्यात लाडका शब्द "बराबर." चांगल्याला बराबर, वाइटालाही बराबर. मास्तर म्हणजे स्टेशनमास्तर त्यांच्यावर खेकसले तरी "बराबर," आणि गावचे पाटील चुकून दुसऱ्याच गाडीत बसून निघाले, तरी गाडी गेलेल्या दिशेला बघून, "बराबर." वाक्य म्हणावं असं त्यांचं एकच होतं आणि ते मी पाच-सहादा ऐकलं असेल: "मोठ्यानं काय, डबापण बोलतो."

काकूंचं सांगायला हवं. त्यांची बायको, शालिनीकाकू. गोऱ्या, उंच, बोलायला गोड. तुम्ही काही विनोद केला तर हसायच्यासुद्धा, पण हसू जरा उशिरा पोचायचं, सिग्नल न मिळालेल्या मालगाडीसारखं. तोवर तुम्ही पुढच्या गोष्टीवर गेलेले असायचे. माझी वेणी घालायला मी त्यांच्याकडे जायची. एकदा तीन पेड हातात धरले आणि हात थांबला. मी वाट बघितली. परभणीकडची पॅसेंजर आली, थांबली, गेली. मग हात पुन्हा चालू झाला आणि वेणी पूर्ण झाली, कुठे सैल नाही की घट्ट नाही. चुलीवरचं पातेलं त्या फडक्याशिवाय उचलायच्या आणि ते निवांत खाली ठेवायच्या. मग तळव्याकडे बघायच्या, कोणाचा तरी आहे असं.

मला त्याचं कौतुक वाटायचं. मी आईला म्हटलं, "काकूंचे हात किती टणक आहेत ना?"

आईनं माझ्याकडे बघितलं आणि सांगितलं. त्यांची सहा वर्षांची पोरगी सिकंदराबादला घटसर्पानं गेली होती. घसाच बंद झाला लेकराचा. "अन् ही बया रडली न्हाई म्हणे. डोळ्यांतून टिपूस न्हाई. तेरावं झालं अन् दळण करायला बसली."

त्या पोरीचं नाव काय होतं हे आम्हाला कधीच कळलं नाही. त्या घरात ते कुणी घेत नसे.

पूर्वी काकू गायच्या. सिकंदराबादला रेल्वेच्या कार्यक्रमांत स्टेजवर काकू गायच्या आणि शेजारी तारबाबू गिटार धरायचे. पोरगी गेल्यावर ते बंद झालं. अगदी बंद नाही. तांदूळ निवडताना, निवडलेलेच पुन्हा निवडताना, त्यांच्या ओठांतून काहीतरी निघायचं. भिंतीला कान लावला तर कळायचं की गाणं आहे. भिंतीला कान मी लावायची, म्हणून मला माहीत. एकदा मी धीटपणे विचारलं, "काकू, मोठ्यानं का नाही म्हणत?"

बऱ्याच वेळानं उत्तर आलं. "मोठ्यानं म्हटलं की मी गाते आहे हे मला कळतं."

तारबाबूंना हे ओठांतलं गाणं सापडलं होतं, आणि त्यांना त्याच्या साथीला गिटार धरायची होती. बस, जगात तेवढंच एक काम त्यांना उरलं होतं. गिटार नेहमीच्या आवाजात लागली की काकू गप्प व्हायच्या. मशीनचं बटण पिळून आवाज लहान केला की दोन ओळी ऐकायच्या आणि म्हणायच्या, "हे न्हाई ते. हे चिलट हाय." आणि खरंच ते चिलट असायचं. मोठ्या आवाजात तीच गिटार साय धरलेल्या दुधासारखी यायची आणि लहान केली की ताकाच्या धुवणासारखी. काकूंच्या कानात सिकंदराबादची गिटार होती. ती भरलेली पाहिजे होती, आणि तांदूळ निवडायच्या आवाजाहून मोठी नको होती.

मग सुरू झाले प्रयोग. आधी स्पीकरवर गोधड्या. आवाज लहान झाला, पण तोंडात घास घेऊन बोलल्यासारखा. मग स्पीकर ज्वारीच्या कणगीत. सोजरबाई म्हणाली, कणगीत भूत रडतंय. मग ट्रंकेत, मग रिकाम्या हौदात. हौदात तर सगळं गावच रडायला लागलं. मी प्रत्येक प्रयोगाची नक्कल करून मैत्रिणींना दाखवायची. गोधडीची नक्कल मी तोंडात पेरू कोंबून करायची, ती विशेष गाजली.

आवाज मोजायची त्यांची पद्धत मात्र नामी होती. स्पीकर आकाशाकडे तोंड करून ठेवायचा आणि कागदी पडद्यावर ज्वारीचे चार दाणे टाकायचे. वाजवताना दाणे उडाले की "जास्त." पडून राहिले की "मेलं." त्यांना मधलं हवं होतं. दाणा जागचा हलू नये, पण वर बोट टेकवलं तर त्याच्या अंगातली थरथर बोटाला कळावी. "हात लाव," ते मला म्हणायचे. मी लावायची आणि कळलं नसलं तरी "हो" म्हणायची.

वर्षभर असंच गेलं. आणि मग तोडगा काढला आमच्या आईनं, तिला पत्ताही न लागता.

तारबाबू एकदा आमच्याकडे दारात उभे होते, आई स्टोव्हवर दूध तापवत होती. त्या दिवशी त्यांचं रेशन संपायला आलं असावं, कारण एकदम बरंच बोलले. "वहिनी, हा स्टोव्ह बघा. हवा कमी भरली तर पिवळा जळतो, काजळी धरतो. पूर्ण भरली तर निळा. माझं मशीन असंच हाय. जोर लावला तरच निळं जळतं. पण मंग दूध उतू जातं."

आईनं वळूनसुद्धा बघितलं नाही. "मंग निळाच ठेवा की. मधी पाणी ठेवायचं. पातेल्यात आधण, आधणात दुधाचं भांडं. आच पाणी पिऊन टाकतं, दुधाला लागेल तेवढीच लागती. भाऊजी, एवढं सैपाकातलं तुम्हाला कळत न्हाई अन् तारा कशा करता?"

तारबाबू तसेच उभे राहिले. दूध वर आलं, आईनं उतरवलं, तरी उभे. मग म्हणाले, "बरणी पाहिजे."

"लोणच्याची?"

"तडा चालेल. भांडं नको. बरणीच."

आईनं काठाला तडा गेलेली, तेलाचे डाग न गेलेली एक बरणी दिली. भांडं का नको, बरणीच का, हे आईनं विचारलं नाही. मीही विचारलं नाही, कारण मला कळलंच होतं: तारबाबू चिक्कू आहेत, बायकोचं चांगलं भांडं खराब करायला नको म्हणून आमची फुटकी बरणी मागतात.

त्यांनी काय केलं ते मला नीट समजलं ते पुढं, नुकसान करून झाल्यावर. पण तुम्हाला आत्ताच सांगते. सिकंदराबादला त्यांच्याकडे विजेची शेगडी होती, तिच्यातली तापणारी तार, स्प्रिंगसारखी गुंडाळलेली, त्यांनी काढली. मशीनमधून स्पीकरकडे जाणारी वायर मध्येच तोडली आणि ही गुंडाळी त्या वाटेत बसवली. मशीनला हवा तेवढा जोर लावू द्यायचा, निळं जळू द्यायचं. पण तो जोर स्पीकरपर्यंत पोचायला गुंडाळीतूनच गेला पाहिजे. तिथं तो उष्णता होऊन संपायचा. गुंडाळी तापू नये म्हणून ती बरणीतल्या पाण्यात. स्पीकरला उरायचा घोटभर.

बॅटरी भरायला जालन्याला पाठवावी लागायची, गार्डाच्या डब्यातून. गार्डाला हा प्रकार कळला तेव्हा तो प्लॅटफॉर्मवर पोट धरून हसला. "तारबाबू, मी ही ओझ्याची बॅटरी तिकडून भरून आणतो, अन् तुम्ही ती लोणच्याच्या बरणीत ओतता?"

"बराबर," तारबाबू म्हणाले.

आणि लागलं की हो. पहिल्यांदा लागलं त्या संध्याकाळी मी भिंतीला होते. आधी वाटलं काही नाहीच. मग वाटलं, आहे, पण दूर, जालन्यात कुणीतरी फार मोठ्यानं, फार भरून वाजवतंय आणि इथं नुसतं ऐकू येतंय. त्याच्यावर काकूंचा आवाज आला. एक ओळ. थांबल्या. "हे न्हाई ते" येणार म्हणून मी वाट बघितली. आलं नाही. दुसरी ओळ आली.

दुसऱ्या दिवशी तारबाबूंनी मला आत बोलावलं, बरणी दाखवली. "हात घाल."

पाणी चांगलं कोमट होतं.

"एवढं गाणं ह्याच्यात गेलं," ते म्हणाले. इतकं लांबलचक वाक्य ते माझ्याशी पहिल्यांदाच बोलले होते. आणि मी, सतरा वर्षांची विदुषी, म्हणाले, "मग काका, ह्यात चहा होईल का?"

त्यांनी खरंच विचार केला. "न्हाई," म्हणाले. "आंघोळ होईल. चिमणीची."

रोज संध्याकाळी दोन ओळींच्या चार झाल्या. काकूंचा आवाज मात्र होता तेवढाच. हाताला चटका न कळणंही होतं तेवढंच. पण तारबाबूंना आशा लागली होती. ती त्यांच्या बोटांवरून कळायची. पूर्वी तार पाठवायची नसली तरी नख कशावर तरी तारयंत्रासारखं कट्ट-कड वाजत असायचं, ते थांबलं.

अशात संक्रांत आली. मास्तरीणबाईंनी, म्हणजे स्टेशनमास्तरांच्या बायकोनं, ठरवलं की यंदा रेल्वेच्या बायकांचं आणि गावातल्या बायकांचं हळदीकुंकू एकत्र, मालधक्क्यावर, आणि गाणं शालिनीबाईंचं. मला वाटलं काकू नाही म्हणतील. काकूंनी बराच वेळ घेऊन विचारलं, "बायकाच असतील ना?"

"पुरुषाचं नखसुद्धा नाही."

"मंग बसीन."

पुरुषाचं नख नाही तर गिटार कोण वाजवणार? त्यावर तारबाबूंनीच तोड काढली. वॅगनवर टाकायची ताडपत्री आडवी बांधायची, ते तिच्या मागं बसतील. गिटार काकूंना जवळून ऐकू यावी म्हणून स्पीकर आणि बरणी पडद्याच्या अलीकडे, काकूंच्या पायाशी. तीन दिवस ते ड्यूटी संपली की मालधक्क्यावर. पत्र्याचं छप्पर आवाज परत फेकतं म्हणून दादांच्या पाया पडून रुईच्या गाठी मागं रचून घेतल्या. ज्वारीचे दाणे टाकून बघितले. सकाळी शेवटचं बघितलं आणि आईला म्हणाले, "वहिनी, आज ती माणसांत गायली ना, तर मंग..." पुढचं वाक्य त्यांनी कापून टाकलं. आईला पूर्ण पोचलं.

सजावट माझ्याकडे होती. रांगोळी झाली, तिळगुळाची ताटं लागली, हळदीकुंकवाची तबकं आली. आणि बघते तर बरोबर मधोमध, गाणाऱ्या सवाष्णीच्या पायाशी, तेलकट डागांची, तडा गेलेली आमची बरणी! शुभकार्यात फुटकं भांडं! बायका काय म्हणतील? त्यातून बरणी आमची, म्हणजे नाव आईचं जाणार. तारबाबू पडद्यामागं बसले होते. त्यांना विचारायचं माझ्या मनातही आलं नाही. पुरुषांना हळदीकुंकवातलं काय कळतं?

घरी पळत गेले, पितळी तांब्या आणला, पाणी भरलं. बरणीतली गुंडाळी उचलून तांब्यात सोडली. वायरी दिसू नयेत म्हणून भोवती आंब्याची पाच पानं. गुंडाळी वर येत होती म्हणून नारळ ठेवून चांगली दाबून बसवली. हळदीकुंकवाची बोटं ओढली. असा देखणा कलश झाला की मास्तरीणबाई म्हणाल्या, "सुमन, सासरी नाव काढशील हो."

बरणी मी ताडपत्रीच्या कोपऱ्यात ढकलली.

आता पितळ वीज नेतं, हे मला आठवीच्या पुस्तकात होतं. त्यावर मला दहापैकी नऊ मिळाले होते.

काकू हिरवं लुगडं नेसून येऊन बसल्या. बायका एकमेकींना कोपरखळ्या मारून गप्प झाल्या. काकूंनी पहिली ओळ एकट्यानं धरली, आणि मी शपथेवर सांगते, तो आवाज नेहमीपेक्षा दाण्याएवढा मोठा होता. शेवटच्या रांगेतल्या सोजरबाईनं मान हलवली म्हणजे तिथवर गेला असणार. दुसऱ्या ओळीला पडद्यामागून गिटार यायची होती.

ती आली. नारळानं दाबलेली गुंडाळी तांब्याच्या अंगाला टेकली होती. जोराला आता गुंडाळीतून वळसा घ्यायची गरज नव्हती. तो पितळातून सरळ स्पीकरमध्ये आला. छपरातली सगळी कबुतरं एकदम उडाली. बायकांनी कानांवर हात घेतले, तिळगुळाचं ताट कलंडलं, बाहेर सोडलेले बैल कासरे तोडून यार्डात शिरले. आणि तारबाबूंनी हात काढून घेतला तरी ते थांबेना. स्पीकरचा आवाज तारांत शिरला, तारांचा पुन्हा मशीनमध्ये, आणि मशीन स्वतःच ओरडायला लागलं, इंजिनाच्या शिटीसारखं, पण भरलेलं, खालपासून वरपर्यंत भरलेलं. पडद्यामागं ते बॅटरीचा चिमटा धुंडत होते. दहा आकडे मोजावेत इतका वेळ.

मी काकूंकडे बघत होते. त्यांचं तोंड उघडं होतं, पूर्ण उघडं, मानेच्या शिरा ताठ, डोळे छपराकडे. मला वाटलं, बाई अजून गातेच आहे. काय ही निष्ठा! मला अगदी भरून आलं.

मग चिमटा निघाला. काकूंनी तोंड मिटलं. पदर सारखा केला. मास्तरीणबाईंना म्हणाल्या, "हळदीकुंकू द्यायला घ्या," आणि उठून सांडलेला तिळगूळ वेचायला लागल्या.

तारबाबू ताडपत्री बाजूला सारून बायकांमध्ये आले. कुणी त्यांना हटकलं नाही. त्यांनी काकूंकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. कलशापाशी बसले, नारळ उचलून बाजूला ठेवला, पानं बाजूला केली, आणि बोट पाण्यात घातलं.

"थंड," म्हणाले.

"काका, मी ठेवला," मी म्हटलं. "बरणीला तडा होता."

"बराबर."

थोडा वेळ बोट तसंच पाण्यात ठेवलं. मग वर न बघता विचारलं, "सूर भरलेला होता?"

मी "हो" म्हटलं. ह्या वेळी ते खोटं नव्हतं.

आईनं घरी नेऊन मला बोलायचं ते बोलून घेतलं. रडायला यावं म्हणून मी आरशासमोर बसले, तर आलं नाही. नुसतं कानात वाजत होतं. अजून तो दिवस आठवला की दुःख असं काही होत नाही, कान तेवढे बंद होतात.

आठवड्यानं पलीकडे बरणी पुन्हा लागली. गिटार आली, दूरची, भरलेली, कोमट. तिच्यावर कुणी गायलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तारबाबू रोज संध्याकाळी पूर्ण अर्धा तास वाजवायचे, कुणीतरी गात असल्यासारखे मध्ये जागा सोडून. त्या सोडलेल्या जागा भिंतीतून स्पष्ट कळायच्या. नख परत वाजायला लागलं.

एक गोष्ट मी त्या दिवसांत बघितली आणि तिचं काहीच केलं नाही. काकूंनी चुलीवरचं पातेलं उचललं, "आई गं!" म्हणून सोडून दिलं, आणि पदराचं टोक शोधलं. सगळी आमटी सांडली. मी मनात म्हटलं, हात बिघडले वाटतं हिचे.

वैशाखात बदलीचा कागद आला, पूर्णेला. जायच्या आदल्या दिवशी तारबाबू बरणी परत द्यायला आले. रिकामी कशी द्यायची, म्हणून तिच्यात गूळ भरला होता. आईनं गूळ काढून घेतला आणि बरणी त्यांच्या हातात परत ठेवली. "असू द्या भाऊजी. लागंल."

"बराबर."

गाडीत ते खिडकीपासून लांब, आतल्या बाजूला बसले होते. गिटारचं खोकं वर, मशीन बाकाखाली, आणि ती डागाळलेली बरणी दोन पायांमध्ये धरलेली, पंचा गुंडाळून, तिला धक्का लागू नये म्हणून. इंजिनात पाणी भरणं चाललं होतं. ते मान जरा तिरपी करून ते ऐकत होते. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि बोटानं बरणीच्या काठावर टिचकी मारून दाखवली, तडा कसा बोलतो ते. तारबाबू मी शेवटचे बघितले ते एवढे.

शिटी झाली. मला माफी मागायची होती, चार महिने ती राहून गेली होती. मी खिडकीशी गेले आणि म्हटलं, "काकू, त्या दिवशी माझ्यामुळं..." गाडी हलली. काकूंनी खिडकीच्या गजांतून हात काढून माझी वेणी धरली, मला जवळ ओढलं आणि कानात म्हणाल्या:

"सुमे, मशीन ओरडलं ना, त्यात मी माझ्या पोरीला हाक मारून घेतली, तिच्या पूर्ण नावानं. कुणाला ऐकू गेली न्हाई. ह्यांना मात्र सांगू नकोस हं, माझ्यासाठी दोन वर्षं आवाज बारीक करून राह्यले होते."